यंत्राची सोयरीक

जळगांवास सोनें पारखून घेणारीं माणसें घरोघर सांपडतील. आमच्या मातोश्री तर पाटली नुसती तळहातावर ठेवून तिचें वजन सांगतात, आणि सराफाच्या कांट्याशीं त्यांचा फरक क्वचितच पडतो. अशा घरांत २०२५ सालच्या दिवाळींत चौदा हजार रुपयांची एक वस्तु आली. ती अस्सल होती, कोरी होती, नामांकित कारखान्याची होती. आणि आम्हांस ती कवडीच्याही उपयोगाची नव्हती. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा प्रसंग आज ना उद्यां यावयाचा, म्हणून ती हकीकत या अंकांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहेत. घरांतील जुना संगणक विंडोज १० या प्रणालीवर चाले. त्या प्रणालीची नित्याची देखभाल तिच्या निर्मात्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि आमचें यंत्र इतकें वृद्ध कीं विंडोज ११ त्यास मानवेना. नवें यंत्र घ्यावयाचें, तर त्यावर अभ्यासाबरोबर मोठे खेळही चालावेत, ही चिरंजीवांची इच्छा. सुटे भाग आणून घरीं जोडलेलें यंत्र तेवढ्याच पैशांत तयार यंत्राहून सरस होतें, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्याच्या शिष्यवृत्तीचे कांहीं व मातोश्रींनीं दिलेले कांहीं, असे मिळून साठ हजार रुपये उभे राहिले.

तीर्थरूपांचा मात्र विरोध होता. तो खेळास नव्हे. तरुणपणीं त्यांनीं स्वतः पत्त्यांवर रात्रीच्या रात्री जागविल्या आहेत. विरोधाचें कारण निराळें. २०२४ च्या मे महिन्यांत, भर दुपारीं, जुन्या संगणकांतून जळका वास आला आणि यंत्र मिटलें. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस, म्हणजे भिंतींतील वीज यंत्रास सोसेल अशी करून देणारी पेटी, स्वतः गेला व जातांना डिस्कही घेऊन गेला. तींत तीर्थरूपांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं सर्व छायाचित्रें होतीं. आप्तांकडून बरींचशीं परत मिळालीं. पण त्यांच्या थोरल्या भगिनी, आमच्या आत्याबाई, त्यांच्याजवळ पाटावर बसल्या होत्या तें छायाचित्र दुसऱ्या कोणाजवळ नव्हतें, आणि आत्याबाईही आतां नाहींत. तेव्हांपासून संगणकाचें नांव निघालें कीं तीर्थरूप उठून ओसरीवर जात.

अशा स्थितींत खरेदीस आरंभ झाला. आमचे वडील बंधु धुळ्यास असतात. त्यांच्या मुलानें आपल्यासाठीं नवें यंत्र केलें होतें. त्यानें आपला जुना रायझेन ५ ३६०० हा प्रोसेसर व आठ-आठ जीबीच्या डीडीआर-४ रॅमच्या दोन पट्ट्या धाकट्या भावास दिल्या. पारोळें-एरंडोलवरून येणाऱ्या बसनें त्या अनरशांच्या डब्याशेजारीं बसून सुखरूप जळगांवीं आल्या. चिरंजीवांनीं दुकानांत जाऊन "एएमडीचा चांगला बोर्ड द्या," असें सांगितलें. दुकानदारानें बी-६५० चा मदरबोर्ड दिला. बोर्ड एएमडीचाच, आणि चांगलाच. घरीं येऊन मोहोर फोडली, तों प्रोसेसर त्यांत बसेना.

येथें थोडें खुलाशानें लिहिलें पाहिजे. कंपनी एक असली म्हणजे भाग एकमेकांस लागू पडतात, ही समजूतच मुळीं चुकीची. प्रोसेसर ज्या बैठकींत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ सालची. तिच्या प्रोसेसरच्या पोटाशीं १३३१ बारीक टांचण्या असतात. २०२२ सालीं एएम-५ आली. तींत टांचण्या प्रोसेसरवरून निघून बोर्डावर आल्या आणि त्यांची संख्या १७१८ झाली. रॅमचेंही तसेंच. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंस टोंकें २८८च, लांबीही सारखी; पण मधली खांच किंचित् सरकविलेली असते, आणि एएम-५ बोर्डास डीडीआर-५ वांचून दुसरी चालत नाहीं. इंटेलच्या घरचा रिवाज आणखी घोटाळ्याचा. त्यांच्या बाराव्या, तेराव्या व चवदाव्या पिढीची बैठक एकच, १७०० टोंकांची. परंतु बोर्ड मात्र कांहीं डीडीआर-४ चे तर कांहीं डीडीआर-५ चे, आणि खोक्यावरील अक्षर नीट वाचलें नाहीं तर फसगत ठेवलेली. त्यापुढील कोअर अल्ट्रा २०० मालिकेस १८५१ टोंकांची निराळीच बैठक लागते.

विवाहांत ३६ पैकीं १८ गुण जुळले तरी आपण अक्षता टाकून मोकळे होतों. येथें सॉकेटचा एक गुण हुकला तर उरलेले ३५ फुकट. सुदैवानें चिरंजीवांनीं जोर केला नाहीं. केला असता तर बोर्डही गेला असता आणि प्रोसेसरही.

दुकानदारानें मोहोर फोडलेला माल परत घेण्याचें नाकारलें. त्यास आम्ही दोष देत नाहीं. मागितलें तें त्यानें दिलें. दोन दिवस घरांत कोणी त्या विषयावर बोललें नाहीं. मग चिरंजीव आम्हांकडे आला व म्हणाला, "काका, बोर्ड ठेवूं आणि प्रोसेसर व रॅमच नवीं घेऊं, म्हणजे पुढें कामास येतील." विचार वाईट नव्हता. पण नेमकें त्याच सुमारास रॅमचे भाव चढूं लागले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणकगृहांस लागणारी स्मृति बनविण्याकडे कारखाने वळले आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वांट्यास टंचाई आली. आम्ही सांगितलें कीं, घरांत आलेली वस्तु धरून बाकीचें जुळवावें. कोऱ्या बोर्डासाठीं सारा संसार बदलूं नये. शेवटीं गोलाणी मार्केटांत चार दुकानें हिंडून तो बोर्ड दहा हजारांस गेला आणि बी-५५० चा, एएम-४ बैठकीचा, घरीं आला. नुकसानीचे चार हजार रुपये चिरंजीवानें आपल्या शिकवणीच्या मिळकतींतून भरले. हें त्यानें कोणीं न सांगतां केलें, याची नोंद येथें करणें आम्हांस अवश्य वाटतें. या बोर्डावर पुढें रायझेनची ५००० मालिकाही बसते, म्हणजे बढतीची वाट अगदींच बंद झाली नाहीं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारीं-शेजारीं न बसवितां प्रोसेसरकडून दुसऱ्या व चवथ्या खांचेंत बसवाव्या. चार खांचांच्या बहुतेक बोर्डांवर त्यानेंच दोन्ही वाटा एकदम वाहतात. हें न जाणल्यानें पुष्कळांचीं यंत्रें उगीच मंद चालतात.

ग्राफिक कार्डाविषयीं फार लिहीत नाहीं. चिरंजीवाची नजर फार मोठ्या कार्डावर होती. पण आमचा पडदा सेकंदास ६० चित्रें दाखविणारा. यंत्रानें २०० चित्रें रंगविलीं तरी डोळ्यांपुढें ६०च यावयाचीं. म्हणून आरटीएक्स ४०६० वर समाधान मानलें. शिंप्याच्या फितीनें कॅबिनेटची आंतली लांबी आधीं मोजून घेतली, हें शहाणपण पहिल्या चुकीनें शिकविलें.

खरा वाद झाला तो एसएमपीएसवर. चिरंजीव तेथें दोन हजार वांचवूं पाहत होता. धुळ्याकडील वाचकांस पांझरेवरील फड पद्धत ठाऊक असेल. बंधाऱ्याचें पाणी पाटानें येतें, पाटकरी तें वांटून देतो, आणि पाटाच्या शक्तीबाहेर रान भिजवूं गेलें तर शेवटचें शेत कोरडें राहतें. यंत्रांतही तसाच हिशेब मांडावा. कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर जास्तींत जास्त ९० च्या घरांत, पंखे, डिस्क वगैरे मिळून ५० धरूं, एकूण अडीचशेंवर. त्यावर मोकळीक ठेवून ५५० वॅटची पेटी पुरे. मात्र ती नांवाजलेल्या कारखान्याची, ८० प्लस प्रमाणित व पांच वर्षांच्या हमीची असावी. खोक्यावर मोठा आंकडा छापलेली स्वस्त पेटी तेवढी वीज देतेच असें नाहीं. वाचकांनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. जुन्या वाड्यांत भिंतीला तीन छिद्रांची खोबणी असते, पण मागें अर्थिंगची तार नसते. वायरमनकडून ती आधीं तपासून घ्यावी. आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. खेळ बंद करून यंत्र मिटण्यापुरता तो चालेल, त्यावर खेळत बसूं नये.

एसएमपीएसचा निर्णय तीर्थरूपांनीं केला. ओसरीवरूनच ते म्हणाले, "तेथें काटकसर नको. मागें एकदां केली आहे." पुढें कोणी बोललें नाहीं.

आतां उन्हाळा. पुस्तकी परीक्षा थंड खोल्यांत होतात. खोली २५ अंशांवर व प्रोसेसर ७२ वर असेल, तर यंत्राची स्वतःची वाढ ४७ अंशांची. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. बंद माडीवर दुपारीं ४२ धरले, तर तोच प्रोसेसर ८९ वर जाईल. ३६०० ची मर्यादा ९५. मर्यादेशीं पोंचला कीं तो आपली गति आपणच उतरवितो, आणि मग महाग भागाचे पैसे उन्हांत गेले असें समजावें. यासाठीं समोर कांच असलेलें दिखाऊ कॅबिनेट सोडून जाळीचें घेतलें. दोन पंखे समोरून हवा घेतात, एक मागून बाहेर टाकतो. जाळीवर काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचा तूस इतका बसतो कीं दर पंधरा दिवसांनीं ती झटकावी लागते. आणि कूलरचा झोत यंत्रावर कधींही सोडूं नये. त्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार येतात. माणसास तें सुख, मदरबोर्डास तो गंज.

यंत्र मार्गशीर्षांत उभें राहिलें. त्यावर पहिल्या दिवशीं खेळ झाला नाहीं. आप्तांकडून जमविलेलीं सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें चिरंजीवानें त्यांत भरलीं, त्यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर करून ती धुळ्यास पाठविली, आणि मग आजोबांस हात धरून माडीवर आणलें. ते बराच वेळ पाहत होते. नंतर त्यांनीं विचारलें, "आतां हें जळलें तर?"

"जळलें तरी फोटो धुळ्यास आहेत, आजोबा."

आखाजीस धुळ्याची मंडळी येतील. त्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां, कूलर बंद ठेवून, दोघे भाऊ घटकाभर खेळ चालवून यंत्राचा पारा पाहणार आहेत. आंकडा मातोश्री वहींत टिपून ठेवणार. तो आम्ही ज्येष्ठाच्या अंकांत कळवूं.