अनुदानाने कामाची भरपाई होते का?



आपल्याकडच्या कितीतरी घरांत एक भाऊ उसात, तर दुसरा नवी मुंबईत, वाशीच्या बाजारात माथाडी. त्याला ठरीव पगार नाही. टोळीने माल उचलला तेवढीच मजुरी. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून निघाला. थेट विक्रीची ही मुभा शेतकऱ्याच्या सोयीची खरी, पण गाडी बाहेरच्या बाहेर गेली की टोळी बसून राहते.

“मग लाडकी बहीण आहे ना!” असे काहीजण म्हणतात. २०२४ साली सुरू झालेले महिना १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५०. किराण्याला हातभार लागतो, नाही कशाला म्हणा! पण १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळणारा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना हे सारे मजुरीवरच्या लेव्हीतून चालते. मजुरी आटली की लेव्हीही आटली. आजची भाकरी तर जातेच, म्हातारपणाची शिदोरीही जाते. ती अनुदानाने भरून निघत नाही.

तेव्हा मदत घ्यावी, पण मागणी कामाचीच करावी. आणि गावाकडच्या भावाने ऊसबिलातला त्याचा वाटा न मागता पोचता करावा.