निष्कर्ष छापला, तर प्रोग्रॅमही द्यावा

संगणकावर आकडेमोड करून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध होतो, पण ती आकडेमोड करणारा प्रोग्रॅम संशोधकाच्या कपाटातच राहतो. असे संशोधन तपासता येत नाही. जे तपासता येत नाही ते विज्ञान म्हणून मान्य करण्याचे कारण नाही.

याउलट, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेली ६१७४ ची रीत उघड आहे. चार अंकी संख्या घ्यावी. सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. पडताळणीसाठी कोणालाही देवळालीला पत्र धाडण्याची गरज नव्हती.

याच रीतीत एक बारीक नियम आहे. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते ०९९९ असे लिहिले तर आणखी चार वजाबाक्यांत ६१७४ येते. पुढचे शून्य गाळले तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती काहीच उरत नाही. संशोधनाच्या प्रोग्रॅममध्ये असे निर्णय पावलोपावली असतात: गहाळ नोंदींचे काय केले, कोणते रुग्ण वगळले, सरासरी कशी काढली. निबंधात ते सगळे मावत नाहीत. कोडमध्ये ते लिहिलेले असतातच.

राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधाने मोठ्या सरकारी कर्जाखाली अर्थव्यवस्था आकसते असे दाखवले, आणि काटकसरीच्या धोरणांचे समर्थक त्यावर विसंबले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून मूळ एक्सेल तक्ता मिळवला. सरासरीतून पाच देश सुटले होते. शिवाय काही वर्षे वगळली होती. सगळ्या दुरुस्त्यांनंतर उणे ०.१ टक्क्याचा वाढदर २.२ टक्के निघाला. तक्ता मिळेपर्यंत तीन वर्षे गेली.

कोड ओबडधोबड आहे, ही सबब टिकत नाही. ज्यावर निष्कर्ष उभा आहे तो कोड तसाच दाखवावा. रुग्णांची माहिती गुप्त ठेवलीच पाहिजे, पण त्यासाठी प्रोग्रॅम लपवावा लागत नाही.

पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात ठेवावा लागतोच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि मुक्त विद्यापीठाने प्रबंधासोबत सोर्स कोड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वापराचा खुला परवाना जोडणे सक्तीचे करावे. मार्गदर्शकांनी कोड पाहिल्याशिवाय प्रबंधावर सही करू नये.