आजीला विचारायचे राहून गेले

माझी आजी गेली तेव्हा तळोद्यात दवाखाना सुरू करून मला चार वर्षे झाली होती. मृत्यूची नोंद करण्यासाठी नगरपालिकेत गेलो, अर्ज भरू लागलो आणि वयाच्या रकान्यापाशी अडलो. वडील पंच्याहत्तर म्हणत होते, आत्या ऐंशीच्या पुढे नेत होती. घरी आल्यावर बोलता बोलता लक्षात आले, की आजीच्या आईचे नावही आमच्यापैकी कोणाला सांगता येत नाही.

अखेर तिचेच एक वाक्य उपयोगी पडले. ती नेहमी म्हणे, "नंदुरबारला शिरीषकुमार गेला, तेव्हा तुझा बाप माझ्या मांडीवर होता." बालहुतात्मा शिरीषकुमार यांचे बलिदान ९ सप्टेंबर १९४२ रोजीचे. वडील तिचे पहिले अपत्य. म्हणजे तेव्हा ती अठरा-वीस वर्षांची असणार. त्या हिशेबाने आम्ही पंच्याहत्तर लिहिले. जिच्या हातची भाकरी खाऊन आम्ही वाढलो, तिचे वय आम्हाला असे गणित मांडून काढावे लागले.

आजीचे आयुष्य वरवर पाहता चार ओळींत संपेल असे होते. तापीकाठच्या एका गावातून ती सून म्हणून आली. घरात चौदा माणसे. पहाटे तिच्या जात्याची घरघर सुरू झाली, की आम्हा मुलांची झोप चाळवे. ती शाळेत गेली नव्हती. पण कोणाकडून किती धान्य उसने आणले आणि कोणाला किती दिले, याचा हिशेब तिच्या तोंडी पक्का असे. ती सुईण नव्हती, तरी गल्लीत कोणी बाळंतपणासाठी अडली, की आधी तिलाच बोलावणे येई. ती जाऊन त्या बाईचा हात धरून बसे. पुढच्या काळात सरकारी दवाखान्यात न्यायला घरची माणसे कांकू करू लागली, तर त्यांच्याशी भांडून ती गाडी जुंपायला लावी.

आमच्या घराला मोठा ओटा होता. आठवडे बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून उतरलेल्या बाया आपली गाठोडी त्या ओट्यावर ठेवून निर्धास्तपणे बाजारात जात. उन्हाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याकडून आमचूर विकायला येणाऱ्या बायांसाठी ओट्यावर पाण्याचा माठ भरलेला असे. त्यांची बोली आजीला येई. ती कधी शिकली, हेही आम्ही तिला कधी विचारले नाही.

तेराव्याच्या दिवशी अशीच एक वयस्क आदिवासी बाई दारात आली. तिने सांगितलेली हकीकत घरात कोणालाच ठाऊक नव्हती. १९७२च्या दुष्काळात तिचा नवरा तीन आठवडे दवाखान्यात पडून होता. गावात ओळखीचे कोणी नव्हते. त्या तीनही आठवड्यांत रोज संध्याकाळी आजी त्या दोघांसाठी भाकरी आणि आमटी घेऊन जात असे. वडील ऐकत राहिले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "त्या वर्षी आई रात्री जेवत नव्हती. उपास आहे म्हणून सांगायची."

वाचकहो, ही गोष्ट आम्हाला आजीच्या तोंडून ऐकता आली असती. शेवटच्या वर्षी मी दर आठवड्याला तिचा रक्तदाब मोजत होतो, गोळ्या देत होतो. पट्टा सोडला, की ती सुरुवात करी, "ऐक रे बाळ, त्या वर्षी काय झालं..." माझे लक्ष मात्र बाहेर खोळंबलेल्या रुग्णांकडे असे. "आजी, उद्या सांग," असे म्हणून मी उठत असे. डॉक्टर म्हणून मी तिची प्रकृती तपासली. नातू म्हणून तिच्याजवळ बसायचे मात्र राहून गेले.

आपल्या खान्देशात याचे एक थोर उदाहरण आहे. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावच्या सून झालेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती ऐकून टिपून ठेवली, म्हणून ती वाचली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, गाण्यांचे पुस्तक निघाले. आज आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला त्यांचे नाव आहे. प्रत्येक आजी कवयित्री नसते, हे खरे. परंतु ऐकणारे माणूस जवळ नसते, तर बहिणाबाईही आपल्याला कळल्या नसत्या.

वृद्ध माणसे पुन्हा पुन्हा जुने बोलतात, याला पूर्वी बुद्धी क्षीण होण्याचे लक्षण समजत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने निराळे मत मांडले. उतारवयात आपले आयुष्य मागे वळून पाहणे, त्याचा अर्थ लावणे, ही मनाची स्वाभाविक गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून आजी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागली, तर "हे तू सांगितलंस" असे म्हणू नये. "मग पुढे काय झालं?" असे विचारावे.

ऐकण्याचेही काही पथ्य आहे. सकाळची, ताजेपणाची वेळ निवडावी; वीस मिनिटे पुरतात. दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असावा. ऐकू कमी येत असेल, तर कान तपासून घ्यावेत. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. "तुझं आयुष्य सांग" या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, "तुझ्या माहेरी पाणी कुठून भरायचे?" याला लगेच मिळते. तिची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. एखाद्या आठवणीपाशी डोळे भरून आले, तर हात धरावा, पण खोदून विचारू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची परीक्षा घेऊ नये. "मी कोण, ओळख बरं?" हा प्रश्न त्याला लाजवतो. हातात जुना फोटो, सूप किंवा लुगडे द्यावे आणि काय निघते ते ऐकावे. याने आजार बरा होत नाही आणि अभ्यासांत दिसलेले लाभही माफक आहेत. तरी त्या घटकेपुरते मन निवते, बोलणे फुटते. मात्र चांगले बोलणारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ते वयावर ढकलू नका. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा क्षार कमी होणे, औषधांचा परिणाम अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट जरूर विचारा: घराण्यात कोण, कोणत्या वयात, कशाने गेले? "भाऊ लहानपणी सारखा हातपाय दुखून रडायचा, डोळे पिवळे व्हायचे," एवढे एक वाक्य आमच्यासारख्यांना सिकलसेलची रक्ततपासणी सुचवायला पुरेसे असते. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो.

ज्यांच्या घरातील आजी नुकतीच गेली आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. दुःख हा आजार नव्हे. त्याला लगेच झोपेच्या गोळीने दाबू नये. एकत्र बसून तिच्या आठवणी काढाव्यात, शेजाऱ्यांनाही बोलू द्यावे. मागे आजोबा असतील, तर त्यांच्याकडे अधिक लक्ष हवे. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत प्रकृतीला धोका वाढतो. त्यांचे जेवण, झोप आणि रोजची औषधे कोणीतरी पाहावीत. सहा महिन्यांनंतरही दिनक्रम सावरत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर सहा महिने थांबू नये, ताबडतोब मदत घ्यावी. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

आजीच्या नावाने आमच्या घरी आता एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या वयस्क बाईने सांगितलेली हकीकत आहे. पुढे शेजाऱ्यांनी, आत्याने सांगितलेले प्रसंग आहेत. तिच्या आईच्या नावाची जागा कोरी आहे. ती आता भरणार नाही. तुमच्या घरी आजी असेल, तर हा अंक मिटून तिच्याजवळ जाऊन बसा आणि आधी तेवढे एक नाव विचारून घ्या.