मुंजीतला हरवलेला मधला टप्पा



फँटसी कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेममध्ये एक प्रसंग हमखास असतो. टोळीतली वडीलधारी मंडळी बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने जंगलात पाठवतात. तो काहीतरी निभावून परततो आणि मोठ्यांत त्याला जागा मिळते. आपल्या पोरांना हे भारी वाटतं. पण असा विधी आपल्या अनेक घरांत आजही होतो. त्याला आपण मुंज म्हणतो.

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली जगभरच्या अशा विधींचे तीन टप्पे सांगितले : आधीच्या आयुष्यापासून तुटणं, मधली अधांतरी अवस्था आणि नव्या नात्याने परत येणं. मुंजीला हे चपखल लागू पडतं. मातृभोजन म्हणजे आईच्या ताटातला शेवटचा घास; इथे तुटणं सुरू होतं. मग लंगोटी, कमरेला मेखला, हातात पळसाचा दंड, गायत्रीचा उपदेश आणि भिक्षा. नंतर गुरूच्या घरी कित्येक वर्षं अभ्यास. शेवटी सोडमुंज, म्हणजे घरी परतणं.

आज आपण सकाळी मुंज लावतो आणि बरेचदा त्याच दिवशी सोडमुंजही उरकतो. पहिला टप्पा आहे, तिसरा आहे, मधला गायब. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम सुरू झाला आणि काही न करताच बंद झाला.

येत्या उन्हाळ्यात बागलीला माझ्या पुतण्याची मुंज आहे. त्याच्या दहा वर्षांच्या बहिणीने भर बैठकीत विचारलं, "आणि माझी?" काका म्हणाले, "आपल्यात मुलींची मुंज नसते." खरं तर हारीत धर्मसूत्रात ब्रह्मवादिनी स्त्रियांसाठी उपनयन, वेदाध्ययन आणि स्वतःच्या घरी भिक्षा सांगितली आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत तर शाळकरी मुलामुलींना एकत्र विद्याव्रत संस्कार देतात.

काकांना सगळं पटलेलं नाही. पण आजी म्हणाली, "सोडमुंज आठ दिवसांनी करा. तोवर दोघं माझ्याकडे राहतील." त्यावर कुणी काही बोललं नाही.

म्हणून आता आठ दिवसांचा बेत ठरतोय. मोबाइल बंद. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, बाजारातून भाजी आणून हिशेब द्यायचा, रोज आजीला तासभर वाचून दाखवायचं. कालीसिंध आपल्या बागली भागातच उगम पावते. एका पहाटे तिकडे चालत जायचं. भिक्षेचे तांदूळ दोघांनी मिळून गरजू घरी पोचवायचे. आठव्या दिवशी दोघांनाही घरातलं एकेक काम कायमचं सोपवायचं, आणि ते त्यांचंच राहील, आपण मधे पडायचं नाही.

मुलीला मंत्रोपदेश द्यायचा का, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत द्यावा असं आहे, आणि ते मी काकांसमोर पुन्हा मांडणार आहे.

तुमच्या घरी मुंज ठरत असेल तर हॉल आणि केटररच्या आधी एकदा हे ठरवा : दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला, आणि त्याच्या बहिणीला, काल करता येत नव्हतं असं काय करू देणार?