ड्यूशेनग्रस्त मुलांच्या पालकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड

विषय : ड्यूशेन आजाराचे वेळेत निदान व नव्या औषधांच्या चाचण्यांतील सहभागाबाबत.

महोदय,

आम्ही ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजाराच्या मुलांचे पालक, बहुतेक ऊसतोड मजूर. आमचे मूल उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते. पोटऱ्या मात्र भरलेल्या, म्हणून पाहुणे म्हणतात, पोरगं गुटगुटीत आहे. आमच्यापैकी एकाची दोन वर्षे एका दवाखान्याने दिलेल्या कॅल्शियमच्या बाटल्यांत गेली.

ती वर्षे परत येत नाहीत. या आजारावरील नव्या औषधांच्या अनेक चाचण्यांत चालती मुलेच घेतात, आणि चालणे बहुधा बाराव्या वर्षाच्या आतच थांबते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. ते दसऱ्यानंतर आले, तर आमची मुले कारखान्याच्या कोपीवर असतात. तोड सुटून आम्ही गावी परतल्यावर पथकाने पुन्हा यावे. संशयित मुलाची सीपीके रक्ततपासणी तालुक्यालाच व्हावी. जनुकीय तपासणीचा नमुना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन मुंबईच्या केईएम रुग्णालयाला पाठवावा. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणातील 50 लाखांपर्यंतच्या मदतीसाठी केईएमसारख्या उत्कृष्टता केंद्रातच जावे लागते. पोराला पाठुंगळी घेऊन एसटीने मुंबई गाठणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी.

औषधाच्या चाचणीला आमची ना नाही. पण कागदावर अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली, असे धरू नये. 2019 मध्ये याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी शासनाला करावी लागली, हे आपणास ठाऊकच आहे. औषधाचा धोका काय, कोणाला औषध आणि कोणाला बिनऔषधी मात्रा मिळू शकते, मधूनच बाहेर पडता येते का, हे आमच्या बोलीत समजावून मगच सही घ्यावी. कळत्या मुलालाही विचारावे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत आहे. ती आम्हाला वाचून दाखवावी. गुण आलेल्या मुलाचे औषध चाचणीनंतर मोफत चालू ठेवण्याची वाटही त्याच नियमांत आहे, पण ती नैतिकता समितीच्या मंजुरीवर अवलंबून. म्हणून याबाबतचे लेखी उत्तर चाचणीच्या आधीच मिळावे.

आपण जिल्हा शल्यचिकित्सक व अंबाजोगाईच्या अधिष्ठात्यांसह दसऱ्याच्या आत बैठक लावावी. त्यानंतर आम्ही फडात असू.

आपले नम्र,
ड्यूशेनग्रस्त मुलांचे पालक, बीड जिल्हा
(सह्या व अंगठे सोबत)