साधा तंबोरा, पण मिरजेचा

मैत्रिणींनो, या खेपेला स्वयंपाकघरातून जरा बाहेर पडू या. मागे एकदा याच पानावर मी ‘मुलगी गाणं शिकतेय’ एवढंच ओझरतं लिहिलं होतं, तर तीन-चार जणींची पत्रं आली. पेटी कुठली घेतली, तंबोरा घेतला का, केवढ्याला पडला, एक ना दोन. तेव्हा तंबोरा घेतला नव्हता. आता घेतलाय. तो घेताना घरात जे रामायण झालं ते आणि त्यातून मला जे कळलं ते, असं दोन्ही आज सांगते.

खरं सांगायचं तर हा आमचा दुसरा तंबोरा. पहिल्याची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात लग्नाला गेलो होतो. तिथल्या एका दुकानात (नाव कशाला घ्या!) काचेआड एक तंबोरा दिसला. गडद तांबूस चकाकी, भोपळ्यावर कोरलेली पानं, दांडीवर पांढऱ्या फुलांची वेल, तारा सुरात आणायचे मणीसुद्धा हंसाच्या आकाराचे. किंमत सात हजार. मला तर हर्षवायूच झाला. घासाघीस करून साडेसहाला घेतला आणि मिरवत अणदूरला आणला. पहिल्याच उन्हाळ्यात भोपळ्याला देठापासून खालपर्यंत चीर गेली. पॉलिश निघालं तेव्हा दिसलं, चीर आधीचीच होती, लांबी भरून वर रंग चढवला होता. खुंट्या तर पहिल्या दिवसापासून घसरत होत्या. सूर लावून मुलगी ‘सा’ म्हणेपर्यंत तार आपली सैल!

तेव्हापासून तंबोरा भिंतीवर आणि मुलीचा रियाज मोबाईलवर. तशी काही अडचण नव्हती. पण मुलगी आता आठवीत आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेच्या परीक्षेला बसायची आहे. दर रविवारी सोलापूरला शिकवणीला जाते. तिच्या बाईंनीच एकदा मला बोलावून सांगितलं, “ताई, हिचा कान तयार होतोय. आता तंबोरा हिनं स्वतः लावायला शिकायला हवा. मोबाईल सूर देतो, पण सूर लावायला शिकवत नाही.”

घरी विषय काढला. हे म्हणाले, “फुकट वाजतंय तर वीस हजार कशाला घालायचे? बोअरची मोटार कधीही जाईल अशी झालीय.” त्यांचंही खोटं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “दहावी झाली की पोरी गाणं सोडत्यात. तूच नाही का सोडलंस?” हे मात्र मला लागलं. मी प्रवेशिका पूर्ण झाले, बी.ए. झाले, लग्न झालं आणि पेटी माहेरी राहिली. सोडलं असं कुणी म्हणालं नव्हतं, मीही नाही. पण सुटलं ते सुटलंच.

मी शाळेत तासिकेवर शिकवते. मानधन कधी येतं, कधी दोन-दोन महिने रखडतं. तरी त्यातले थोडे आणि भिशीचे मिळून बावीस हजार माझ्याकडे साठले होते. मी ह्यांना सांगितलं, मोटारीचं आपण बघू, पण हे पैसे तंबोऱ्याचे. मात्र या वेळी फसायचं नाही.

आता गंमत ऐका. माझा भाचा पुण्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. सुट्टीला आला होता. त्याला मी म्हटलं, बावीस हजारांत नामांकित कारागिराचा तंबोरा कुठला यायचा, त्यापेक्षा एखादा बरा दिसणारा घेऊ. तर तो म्हणाला, “मावशी, उलटं कर. नाव मोठं घे, नटवा सोड.” मग त्यानं सांगितलं, अमेरिकेतल्या गिब्सन या बड्या गिटार कंपनीनं १९५४ साली शिकाऊ मुलांसाठी एक स्वस्त गिटार काढली, ‘लेस पॉल ज्युनियर’ नावाची. त्यांच्या महागड्या गिटारीला वरून मेपल लाकडाचा कोरीव थर असे, तो काढून टाकला. लाकडाची सपाट फळी ठेवली. तारांचा आवाज टिपणारे दोन पिकअप असत, तिथे एकच ठेवला. दांडीवरची शिंपल्यासारखी नक्षी गेली, साधे ठिपके आले. पण लाकूड चांगलं आणि दांडी बसवणारे हात त्याच कारखान्यातले. पुढे त्याच साध्या गिटारी नावाजलेले वादकही घेऊन उभे राहिले. मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही, पण हे मात्र नीट कळलं. आपण साडी घेताना काठ बघतो, पण पोत आधी चाचपतोच की!

मग ठरलं, मिरज. आमच्याकडून जायचं म्हणजे नळदुर्गावरून सोलापूर, तिथून मंगळवेढा, सांगोला करत मिरज. जाताना मंगळवेढ्याच्या आसपास ह्यांना म्हटलं, आपल्या तंबोऱ्याचा भोपळा याच भागातला असणार. ते हसले, पण ते खरंच आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या रानात होतो. आपण भाजी करतो तो नव्हे हं, हा कडू असतो आणि त्याची साल जाड असते. वेलावर पुरता पिकू देतात, मग महिनोन् महिने वाळवतात. कारागीर तो कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर-बिया काढतात आणि आत काड्यांचे टेकू देऊन तोंड हवं तेवढं रुंद करून पुन्हा सुकवतात. दोन भोपळे एकसारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही एकसारखे नसतात.

मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. सतारमेकर हे तिथल्या घराण्यांचं आडनावच आहे. मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांचा धंदा बसत चालला तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तेच काम चाललं आहे. गावात गाणंही तसंच होतं. पलुस्कर बुवा मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची समाधी तिथल्या दर्ग्यात आहे. बाईमाणसानं तिकीट लावून लोकांसमोर बसून गाणं ज्या काळी कुणाला रुचत नव्हतं, त्या काळी ज्या गायल्या त्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे पैठणीसारखं, त्या गावाचं नाव त्याच गावच्या मालाला.

दुकान कसलं, माजघरच होतं ते. भिंतीला ओळीनं भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. म्हातारे चाचा कानसाने घोडी घासत बसले होते. मी आपली सवयीनं नक्षीच्या तंबोऱ्याकडे गेले. त्याची किंमत त्यांनी चौतीस हजार सांगितली. शेजारचा साधा, कोरीव काम नाही, फिकट पॉलिश, दांडीला कडेनं दोन बारीक रेघा, एवढाच. तो एकोणीस हजार. मी विचारलं, “आवाजात फरक किती?” ते म्हणाले, “ताई, फुलं वाजत नाहीत.”

त्यांनी मग मुलीला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला, पट्टी कुठली? हे मला आधी ठाऊकच नव्हतं, आणि तुम्हालाही हेच आधी सांगते. बायकांचा तंबोरा वेगळा, पुरुषांचा वेगळा. बायका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, त्यांचा तंबोरा लहान असतो. पुरुषांचा मोठा, खालच्या पट्टीचा. मोठ्यावर उगाच वर चढवून तारा ताणल्या तर तुटतात, लहानावर खाली उतरवल्या तर सैल पडून फडफडतात. आमचा पहिला तंबोरा बहुधा पुरुषी पट्टीचा होता. तेव्हा आधी मुलीच्या गुरूंना विचारा आणि पट्टी कागदावर लिहून न्या. तारा चारच घ्या. पाच-सहा तारांचेही असतात, पण शिकणारीला चार लावता आल्या तरी पुष्कळ. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची पितळी, खर्जाची.

मग भोपळा. उजेडात नेऊन सगळीकडून फिरवून बघायचा आणि बोटानं टिचकी मारत जायचं. एका जागी आवाज बद्द आला तर तिथे काहीतरी भरलेलं आहे. इथे साध्या तंबोऱ्याचा फायदा बघा, फिकट पॉलिशखाली सगळं दिसतं. गडद रंग आणि दाट नक्षी वाईटच असते असं नाही, पण त्याखाली लपवायला जागा असते. दांडी तूनच्या लाकडाची असते, ती खालच्या टोकाकडून एक डोळा मिटून बंदुकीसारखी पाहायची. बाक असला तर लगेच कळतो. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या गळ्याच्या सांध्यावरून नख फिरवायचं. खुंट्या स्वतः पिळून पाहायच्या, लाजायचं नाही. सहज फिरल्या पाहिजेत आणि सोडल्यावर तिथेच थांबल्या पाहिजेत. पुढे घरी घसरायला लागल्या तर खुंटी काढून खडू चोळायचा. खडू माझ्या पर्समध्ये कायमच!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जवारी. घोडीचा वरचा भाग वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार तिथे पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून तो गुंजणारा, भरलेला नाद येतो. तारेखाली सुताचा तुकडा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवला की नाद खुलतो नाहीतर मिटतो. हे घासण्याचं काम हाताचं आणि कानाचं आहे, नावाजलेल्या कारागिराकडे आपण पैसे मोजतो ते यासाठी. चाचांनी चारी तारा लावल्या आणि मला डोळे मिटायला सांगितलं. आधी नक्षीचा छेडला, मग साधा, मग आणखी एक साधा. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. मुलीनं न बघता तोच सांगितला. तो दिसायला सगळ्यांत गरीब होता, भोपळा एका अंगाला जरा चपटा. आमचा तोच!

घासाघीस मी केली नाही. त्याऐवजी तारांचा जादा संच, दोऱ्याची गुंडी आणि वर्षानं जवारी करून देण्याचं बोलणं मागून घेतलं, ते त्यांनी आनंदानं दिलं. उरल्या पैशात गादीची जाड पिशवी घेतली. हिच्यात मात्र काटकसर नको, नाहीतर भोपळा घरी पोचायच्या आत फुटायचा. प्रवासाला निघताना तारा थोड्या उतरवल्या. एसटीत कंडक्टर म्हणाले, मागं डिकीत टाका. मी म्हटलं, मलाच टाका डिकीत, हा मांडीवर बसेल. सोलापूरपर्यंत आलटूनपालटून तिघांच्या मांडीवर आला. ह्यांच्याच मांडीवर जास्त, हे सांगितलं पाहिजे.

घरी त्याला खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात जागा दिलीय. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाची तिरीपसुद्धा येता कामा नये, आणि कूलरच्या समोर तर मुळीच नको. पावसाळ्यात ओल लागते म्हणून भिंतीला थेट टेकवत नाही, मध्ये सतरंजीची घडी असते. पुसायला कोरडं मऊ फडकं, ओलं कधीच नाही. वाजवून झालं की तारांवरून फडकं फिरवायचं, बोटांच्या घामानं त्या गंजतात. आठ-दहा दिवस गावाला जायचं असलं तर तारा जराशा सैल करून जावं.

पहिले पंधरा दिवस मुलीला तो लागतच नव्हता. रडली, मोबाईल लावून बसली. मग एका संध्याकाळी वीज गेली, मोबाईलची बॅटरी संपलेली. अंधारात तिनं तासभर खुंट्या पिळल्या आणि जोड जुळला. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, “आता बरं वाटतंय की.” सकाळी ती शाळेला गेली की माझा पहिला तास सुरू व्हायला चाळीस मिनिटं असतात. त्यातली वीस मी तंबोऱ्यापाशी बसते. आवाज बसलाय, वरचा षड्ज येत नाही. खालून सुरू केलंय.

मोटार गेल्या महिन्यात गेलीच. हप्त्यावर घेतली.

आणि पहिल्या तंबोऱ्याचं काय केलं, असं विचाराल म्हणून सांगते. त्याचे फोटो मी चाचांना दाखवले होते. ते म्हणाले, दांडी बरी दिसते, भोपळा बदलावा लागेल, पण तेवढ्या खर्चात थोडी भर घातली तर नवा साधा येईल. म्हणून तो अजून हॉलमध्येच टांगलेला आहे. पाहुणे आले की आधी त्याचंच कौतुक करतात.