मुलीला विचारले काय?



आपल्या वस्तीत आता लग्नाला भटजी येत नाही. मुहूर्त, पत्रिका, मंगलाष्टके ही सारी आपण मागे टाकली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून, त्रिसरण-पंचशील ग्रहण करून आपली मुले-मुली विवाहबद्ध होतात. ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु मंडपातील विधी बदलला, तेवढ्याने लग्न बदलले काय? सोयरीक जेथे ठरते त्या बैठकीत अजून जुनेच प्रश्न विचारले जातात. पाहुणे पोटजात विचारतात, मुलाचा पगार विचारतात, मुलीचा रंग पाहतात. जिचा संसार व्हावयाचा, ती पोह्यांच्या बशा ठेवून खाली मानेने आत जाते. तिला कोणी काही विचारीत नाही.

काही महिन्यांपूर्वी एक बौद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. भिंतीवरील बाबासाहेबांच्या तसबिरीस वंदन करूनच ते बसले. त्यांची मुलगी सव्वीस वर्षांची, पदवीधर, स्वतः मिळवती. तिने व एका मातंग तरुणाने विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली होती. “वकीलसाहेब, तीस दिवसांची मुदत आहे. काही करून हरकत घ्या,” असे त्यांचे म्हणणे.

आम्ही त्यांना १९५४ चा तो कायदा समजावून सांगितला. हरकत कोणालाही घेता येते, पण ती कायद्यात सांगितलेल्या कारणांवरच टिकते. दोघांपैकी कोणाचा पती वा पत्नी हयात आहे, कोणी मनाने संमती देण्यास असमर्थ आहे, मुलगा एकवीस व मुलगी अठरा वर्षांची नाही, किंवा दोघांत निषिद्ध नाते आहे, अशी ती कारणे होत. त्या यादीत जात नाही. बापाची नाराजीही नाही. “मग आम्ही हिला शिकविले ते यासाठी काय?” ते उसळून म्हणाले. आम्ही म्हणालो, “होय, यासाठीच.” त्यांनी हरकत घेतली नाही, पण ते लग्नालाही गेले नाहीत.

या गृहस्थांवर आमचा राग नाही, कारण त्यांच्यात आम्हांस आपले सर्वांचेच तोंड दिसले. परंतु त्यांनी ज्या तसबिरीस वंदन केले, त्या महापुरुषाने काय सांगितले होते? १९१६ साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनावर जात उभी आहे. आणि हे बंधन टिकविण्याचा सर्वांत मोठा भार स्त्रीवर लादला गेला. पुढे १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे त्यांनी सांगितले. मग धम्मदीक्षा घेतलेल्या घराने पोटजात पाहून सून आणावी, हा दीक्षेचा कोणता अर्थ?

कायद्याने आपला निर्णय दिला आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहाचे ठरविले, तर त्यास कुटुंबाची, जातीची वा समाजाची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केले. याचा अर्थ आईबापांनी तोंड मिटून बसावे असा नव्हे. मुलाचे शील, व्यसन, आरोग्य, उद्योग यांची चौकशी अवश्य करावी, सल्ला द्यावा. परंतु सल्ला ऐकून घेतल्यावर मुलगी ‘नाही’ म्हणाली, तर त्या ‘नाही’चा मान राखला पाहिजे, ‘होय’ म्हणाली, तर त्याचाही.

आणि निवड झाली म्हणजे काम संपले असेही नाही. नागपूरच्या महिला परिषदेत जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की पत्नीने पतीची दासी नव्हे, मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे व घरातील अधिकार तिच्या हाती देणे ही त्यांत येतात. आज दोघेही कामावरून थकून येतात. तो मोबाईल घेऊन बसतो, ती पदर खोचून गॅसपाशी उभी राहते. तिचा पगार घरात चालतो, तिचे मत चालत नाही. याला समतेचा संसार म्हणता येईल काय?

म्हणून आमची प्रत्येक बौद्ध कुटुंबास विनंती आहे. बैठकीत पोटजात विचारणाऱ्यास तेथेच थांबवा. मुलीला एकटीला, भीती न घालता विचारा. हुंडा देऊ नका, घेऊ नका. १९६१ पासून तो गुन्हा आहे. विवाहाची नोंदणी त्याच आठवड्यात करून घ्या. घर घ्याल ते दोघांच्या नावे घ्या. आणि मुलाला भाकरी थापावयास शिकवा.

विहारात आपण समतेची प्रतिज्ञा मोठ्याने म्हणतो. उद्या आपली मुलगी समोर येऊन म्हणेल, “मला हा मुलगा पसंत आहे.” त्या वेळी आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, त्यावरून आपली दीक्षा ओळखली जाईल.